समुद्रतळाची चांदी आणि विस्मृत खलाशी

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी एका अजब वादाचा निकाल दिला. वाद होता चांदीचा. दुसऱ्या महायुद्धात अरबी समुद्रात बुडालेल्या ‘तिलावा’ या जहाजातून एका ब्रिटिश कंपनीने २०१७ साली चांदीच्या २,३६४ लगडी वर काढल्या. जहाज सुमारे अडीच किलोमीटर खोल पडले होते. चांदी दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी मुंबईहून निघालेली, म्हणून ती काढण्याच्या मोबदल्यावरून खटला झाला आणि निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. एकेका लगडीची मोजदाद झाली. त्याच जहाजासोबत तळाला गेलेल्या खलाशांची आठवण मात्र ज्या मुंबईतून ते निघाले, त्या मुंबईला क्वचितच होते.

‘तिलावा’ने मुंबई सोडली २० नोव्हेंबर १९४२ रोजी. प्रवासी व कर्मचारी मिळून जहाजावर ९५८ जण होते. २३ तारखेला उत्तररात्री ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडोने गाठले. जहाज लगेच बुडाले नाही, पण काही वेळाने दुसरा टॉर्पेडो येऊन आदळला आणि सारे संपले. २८० जण मृत्युमुखी पडले. त्यांत २८ कर्मचारी होते. रेडिओ अधिकारी अखेरपर्यंत मदतीचा संदेश पाठवीत राहिला आणि जहाजाबरोबरच गेला. दोन दिवसांनी ‘बर्मिंगहॅम’ युद्धनौकेने वाचवलेल्या शेकडो जिवांवर त्याचे ऋण आहे.

ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर राबणारा हिंदी खलाशी कोण होता? रत्नागिरीच्या खाड्यांकाठचा दर्यावर्दी मुसलमान, गोव्याचा ख्रिस्ती, सिल्हेटचा शेतकरी. गावातलाच सारंग पोरसवदा मुलांना हाताशी धरून बंदरावर आणी. त्यातला कुणी डेकवर लागे, कुणी आगवाला होऊन बॉयलरच्या तोंडाशी कोळसा ओढी. युद्धाच्या प्रारंभी त्याचे वेतन गोऱ्या खलाशाच्या चतुर्थांशाहूनही कमी होते. १९३९ च्या अखेरीस या खलाशांनी ब्रिटिश बंदरांत संप केला तेव्हा कित्येकांना तुरुंग पाहावा लागला. हातात शस्त्र नाही, अंगावर गणवेश नाही, आणि टॉर्पेडो फुटला की यंत्रखान्यातल्या पोराला वर येण्याची सवडही नाही. गावाकडे आई वाट पाहत राहिली. तिच्या वाट्याला अस्थीही आल्या नाहीत.

हा विसर केवळ आळसातून आलेला नाही. साम्राज्याच्या युद्धात साम्राज्याच्या जहाजावर मेलेला तो आपला कोण, असा सूर राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींतही होता, हे स्पष्ट बोलले पाहिजे. इतिहास मात्र इतका सरळ नाही. ज्या ‘आय-२९’ने ‘तिलावा’ बुडवले, त्याच पाणबुडीने पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस यांना जर्मन पाणबुडीतून आपल्याकडे घेतले आणि पूर्वेकडे नेले. नेताजींच्या त्या प्रवासाने आपला ऊर भरून येतो, तो यावाच. म्हणून बुडालेला खलाशी परका ठरत नाही. पोटासाठी परक्या ध्वजाखाली राबलेला तो तरुण या भूमीचाच पुत्र होता, आणि कान्होजी आंग्र्यांच्या किनाऱ्याने तरी त्याला नाकारू नये.

मुंबईत मस्जिद बंदर परिसरातील इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यांना सागरावाचून दुसरी कबर लाभली नाही, अशा नौदल व व्यापारी नौदलातील ६ हजारांहून अधिक जणांची नावे तेथील स्मृतिग्रंथात आहेत. तशीच नावे चितगावातही जपली आहेत. दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ १९१९ साली मुंबईहून लंडनला निघाले, त्याचा तो दिवस, अभिमानाचाच. त्या दिवशी शासनाने या नावांचे जाहीर वाचन करावे. ग्रंथातील नावे देवनागरीत उतरवून रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या ग्रामपंचायतींकडे पाठवावीत, म्हणजे ज्या घरातला मुलगा परतला नाही, त्या घरातील नातवंडांना निदान त्याचे नाव कुठे लिहिले आहे ते कळेल.