परसांतील कंदमुळांचीं फुलझाडें

इंग्रजी बागवानीच्या पुस्तकांत ‘जिअम’ नांवाच्या फुलझाडाचें मोठें कौतुक आढळतें. गुलाबाच्या कुळांतील हें झाड जमिनीलगत पानांचा झुबका धरून राहतें, व बारीक दांड्यांवर केशरी-पिवळीं फुलें वर काढतें. त्याचा एक भाऊबंद हिमालयाच्या उंच कुरणांत वाढतो. परंतु चितेगांवच्या वैशाखी उन्हांत त्याचा हट्ट धरण्यांत अर्थ नाहीं. त्याचा गुण तेवढा घ्यावा: एकदां लावावें, तीन-चार वर्षांनीं गड्डा फोडून शेजारीं वांटावा, आणि आखीव वाफ्यांवांचून वाढूं द्यावें.

हा गुण आपल्या परसाला नवा नाहीं. मेघदूतांतील यक्षाच्या बागेंत माधवीमंडपाला कुरबकाचें कुंपण आहे. अमरकोशानें तांबड्यास कुरबक व पिवळ्यास कुरंटक म्हटलें आहे. आपली कांटेरी कोरांटी ती हीच. गुलबक्षी व निशिगंध मात्र अमेरिका खंडांतून आलेलीं. पण आज त्यांना परकीं कोण म्हणेल?

या मराठवाड्यांतच २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. अशा वर्षीं फुलझाडांसाठीं घागरभर पाणी घरांतील सुनांकडे मागूंही नये. गुलबक्षीचें गाजरासारखें जाड मूळ, निशिगंधाचा कंद, भुईचांफ्याचा गड्डा हीं आपली शिदोरी जमिनीखालीं बांधून बसतात. वर कांहींच दिसत नाहीं, आणि तेथेंच घात होतो. कोणी उत्साही चिरंजीव ‘मेलेलीं झाडें’ म्हणून जागा खणतो, किंवा फरशी बसवितो. आजेसासूबाईंनीं लावलेलें एका दुपारीं जातें. भुईचांफा तर पानांच्या आधीं, उघड्या मातींतूनच फुलतो. म्हणून अशा जागेभोंवतीं चार दगड मांडावे. पेन्शन खाणाऱ्या आम्हां म्हाताऱ्यांचें उन्हाळ्यांतील काम एकच: कुदळ लपवून ठेवणें.

काळ्या जमिनींत पावसाचें पाणी सांचून कंद कुजतात. यास्तव मुरूम व शेणखत मिसळून जागा वीतभर उंच करावी. निशिगंधाचे दाटलेले कंद मृगापूर्वीं काढून, मोठे निवडून पुन्हा लावावे. कर्दळीला तहान फार, तिला न्हाणीच्या पाण्यावर ठेवावें. शेवंती रात्री लांबूं लागल्यावर कळ्या धरते. रस्त्यावरील दिव्याच्या उजेडांत लावल्यास फुलण्यास उशीर होतो. बहर सरतांच ती बुंध्याशीं छाटून फुटवे निराळे करावे.

गुलबक्षी दुपारीं चारच्या सुमारास उमलते, तेव्हां सांजवातीच्या वेळीं फुलें ताजीं मिळतात. तिचें बीं मात्र मिऱ्यासारखें दिसतें व विषारी असतें. तें मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.