बारा वाजले

गेल्या महिन्यात आमच्या गाडीचे चार दिवसांत तीनदा बारा वाजले. अगदी अक्षरशः. डॅशबोर्डवरच्या इवल्याशा हिरव्या घड्याळात १२:०० आणि मधली दोन टिंबं लुकलुकताहेत.

पहिल्यांदा वाजले ते रीतसर. साडेचार वर्षं इमानानं राबलेल्या बॅटरीनं ऐन पावसात मान टाकली. दुकानात फोन केला, तर अर्ध्या तासात एक पोरगा स्कूटरवर पायांत नवी बॅटरी धरून हजर. खिशातून दहा नंबरचा पाना काढला आणि वीस मिनिटांत काम उरकलं. त्यानं आधी निगेटिव्ह सोडलं आणि शेवटी निगेटिव्हच जोडलं, हे बघून माझा त्याच्यावर विश्वास बसला. हा क्रम चुकला आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना कुठं पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्ट. ठिणग्या उडतात, पाना चिकटतोसुद्धा. जुनी बॅटरी भंगाराच्या भावात वजा झाली, वॉरंटी कार्डावर शिक्का पडला, पोरगा गेला.

त्यानंतर गाडी सासरी नव्यानं आल्यासारखी वागायला लागली. काहीच ओळखीचं नाही! एका बोटात वर जाणारी ड्रायव्हरकडची काच अर्ध्यात थांबे. स्टिअरिंगचा पिवळा दिवा जाईना. आणि सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाचा आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा.

यातलं काहीही बिघडलेलं नव्हतं, ते विसरलेलं होतं. बॅटरी काढली की गाडीतल्या कॉम्प्युटरच्या स्मृतीचा बराचसा भाग पुसला जातो. काचेची वरची हद्द कुठं आहे, हे त्या मोटरला पुन्हा दाखवावं लागतं: काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरायचं. आमच्या गाडीत स्टिअरिंग एकदा डावीकडे शेवटपर्यंत आणि एकदा उजवीकडे शेवटपर्यंत फिरवल्यावर पिवळा दिवा मुकाट्यानं गेला. इंजिनाची गोष्ट मात्र मला फार आवडली. हवा आत घेणाऱ्या झडपेवर वर्षानुवर्षं काजळी धरते. काजळीनं वाट जितकी अरुंद होते, तितकी झडप किंचित जास्त उघडायची, हे कॉम्प्युटर हळूहळू शिकत गेलेला असतो. बॅटरी काढली की हे शिक्षण गेलं. झडप जुनीच, काजळी जुनीच, पण त्याला वाटतं गाडी नवी कोरी आहे. एसी, दिवे बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली आणि दोन दिवस चालवली, तर बहुतेक वेळा तो पुन्हा शिकतो. आमचा शिकला.

मग तिसऱ्या दिवशी रंकाळ्यावर पुन्हा बारा वाजले. चावी फिरवली, ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि सगळे दिवे गुल. क्षणभरानं परत आले आणि घड्याळात १२:००. चौथ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच दारात पुन्हा तेच.

आता सल्ल्यांना तोटा नव्हता. जवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं, “अल्टरनेटर गेलाय. नऊ हजार.” वरच्या मजल्यावरचे काका चप्पल घालूनच खाली आले. म्हणाले, गाडी चालू कर आणि चालू गाडीत बॅटरीची वायर उपसून काढ. बंद पडली तर डायनमो खराब. अँबॅसिडरच्या काळात ही युक्ती चालायची, कारण तेव्हा गाडीत जळण्यासारखं फारसं काही नसायचं. आज चालू इंजिनात बॅटरी काढली तर अल्टरनेटरचा दाब क्षणात कितीतरी पटींनी उसळू शकतो आणि त्या एका उसळीत कॉम्प्युटर जाऊ शकतो. काकांना चहा दिला आणि मी गाडी घेऊन उद्यमनगर गाठलं.

तिथले मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले. त्यांनीही बॉनेट लगेच उघडलं नाही, पण विचारलं वेगळंच.

“ताई, सेल्फ मारल्यावर घड्याळ बदलतंय काय?”

“हो, बारा वाजतात.”

“मग बॅटरीच्या हिकडचं काय बघायचंच न्हाई.”

बॅटरी नुसती उतरलेली असेल, तर सेल्फ कण्हत का होईना फिरतो, दिवे मंद होतात. इथं एका झटक्यात अंधार पडून लगेच उजेड येत होता. म्हणजे कुठंतरी तार तुटते आणि पुन्हा जुळते. अल्टरनेटरची शंका त्यांनी दोन मिनिटांत मिटवली: गाडी बंद असताना मीटरवर १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १४.१. चार्जिंग ठणठणीत.

मग त्यांनी जे केलं ते मी मान वाकवून बघितलं. मीटरची काळी सुई निगेटिव्हला लावली. लाल सुई पॉझिटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर, अगदी डोक्यावर टेकवली आणि म्हणाले, “मारा सेल्फ.” टक्. मीटरवर साडेबारा. लाल सुई त्याच खुंटीला आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर सरकवली, फार तर अर्ध्या सेंटिमीटरवर. “मारा.” टक्. मीटरवर साडेतीन. खुंटीवर साडेबारा आणि तिलाच मिठी मारून बसलेल्या क्लॅम्पवर साडेतीन!

क्लॅम्प सोडला, तर खुंटी आणि क्लॅम्पच्या मधून एक स्क्रू खाली पडला. लाकडात मारायचा, साधा, अर्धा गंजलेला. तो पडल्यावर क्लॅम्प खुंटीवर बांगडीसारखा फिरायला लागला.

बॅटरीच्या खुंट्या दोन जाडीच्या मिळतात. जाड पॉझिटिव्ह साधारण साडेसतरा मिलिमीटरची, बारीक असेल तर पावणेपंधराच्या आसपास. आमच्या गाडीची वायर जाड खुंटीची, आलेली बॅटरी बारीक खुंटीची. पोरानं आवळून आवळून बघितलं असणार, बसेना, म्हणून मध्ये स्क्रू ठोकला. मी त्या वेळी वॉरंटी कार्डावर नाव लिहीत होते.

पण मग दिवे, हॉर्न, रेडिओ तीन दिवस कसे चालले? शाळेतला ओहमचा नियम इथं कामाला येतो. समजा, त्या ढिल्या सांध्यात ओहमचा विसावा भाग एवढाच अडथळा आहे. हेडलाइटचे दोन्ही दिवे मिळून दहाएक अँपिअर घेतात, तेव्हा तिथं अर्धा व्होल्ट गळतो; डोळ्यांना कळतही नाही. सेल्फला शंभराच्या वर लागतात. त्याच सांध्यात पाच व्होल्ट जातात, सांधा तापतो, अडथळा आणखी वाढतो आणि सेल्फ ‘टक्’ म्हणून गप्प बसतो. बारीक धारेच्या नळाला पाइपातला बोळा जाणवत नाही, बादली लावली की जाणवतो.

मिस्त्रींनी खुंट्यांवर शिशाच्या टोप्या बसवल्या (अशा तयार मिळतात, पॉझिटिव्हची मोठी आणि निगेटिव्हची लहान), क्लॅम्प आतून पॉलिशपेपरनं घासला, आवळला, वर व्हॅसलीनचा हात फिरवला. इंजिनाकडून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही त्याच मीटरनं तपासली. सगळ्याचे मिळून अडीचशे रुपये घेतले. रात्रभर उभी राहून बॅटरी उतरते, असा प्रकार असता तर शोध वेगळा, असंही म्हणाले. मग गाडी झोपू द्यायची, निगेटिव्हच्या वाटेत मीटर लावायचा आणि एकेक फ्यूज उपसत करंट कुठं पडतो ते बघायचं. साधारण पन्नास मिलिअँपिअरपर्यंत माफ. डिकीचा एक विसरलेला दिवासुद्धा लहान बॅटरीला तीन-चार दिवसांत झोपवतो.

घरी येऊन दुकानात फोन लावला. स्क्रूची सगळी हकिकत सांगितली. पलीकडं थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज.

“मॅडम, बॅटरी चांगलीय न्हवं?”

“बॅटरी चांगली आहे हो, पण…”

“मग झालं की!”

स्क्रू आता गिअरच्या पुढच्या खोबणीत सुट्या नाण्यांत पडून असतो. घड्याळ मी मोबाइलवर बघून लावलं. दोन मिनिटं पुढं लागलंय, पण आता हात लावत नाही.