बाप्तिस्म्यानंतरची वाट

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला; पण मनाला शांती लाभायला आणखी काही वर्षे जावी लागली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र अजून गवसला नाही, ही रुखरुख त्यांना लागून होती. पापाची क्षमा विद्वत्तेने किंवा पुण्याईने मिळत नाही, ती ख्रिस्ताच्या कृपेने मिळते, हे उमगल्यावर त्यांचे मन निवाले. याच श्रद्धेच्या बळावर दुष्काळात होरपळलेल्या शेकडो स्त्रियांना त्यांनी केडगावला आसरा दिला. या अंकातले श्रद्धानुभव वाचताना एवढे ध्यानात असू द्या: कृपा ज्याला खरोखर भेटते, तो इतरांसाठी दार उघडतो. वाचकहो, आपणही ते उघडावे.