तीन महिने आमच्याकडे पाठवा

मा. अध्यक्ष,
भारतीय पुनर्वास परिषद, नवी दिल्ली



मी सापगावची. शहापूरहून मुरबाडकडे निघालं की भातसा नदीवर पूल लागतो, तिथलं हे गाव. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून माझं नाव आहे, तेव्हा मी आपल्याच घरातली. पत्र मुद्दाम मराठीत लिहिते आहे. आपल्या कार्यालयात कुणीतरी ते वाचून इतरांना समजावून सांगेल, आणि सांगताना एका शब्दापाशी अडेल. मला बोलायचं आहे ते त्या अडण्याबद्दलच.

शब्द आहे ‘जीव नकोसा’. आमच्याकडे मे महिन्यात उकडायला लागलं की जीव नकोसा होतो. डासांनी होतो, गाडीतल्या गर्दीने होतो, दाढदुखीने होतो. दिवसातून दहा वेळा कानावर पडणारा शब्द. किन्हवलीकडची एक बाई माझ्यासमोर बसून असंच म्हणाली, “जीव नकोसा झालाय हो मॅडम.” (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आली होती गुडघे दुखतात म्हणून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि झोप लागत नाही म्हणते म्हणून माझ्याकडे पाठवलं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. भात लावून झालं, मुलीचं लग्न झालं, मुलगा भिवंडीला कामाला लागला. मग सहज बोलावं तसं म्हणाली, “पितळेची भांडी होती ना आईची, ती घासूनपुसून बहिणीकडे ठेवून आले.”

मी पेन खाली ठेवलं. आईची भांडी बाई उगाच हलवत नाही. “का ठेवून आलात?” विचारलं, तर बराच वेळ तिने पदराचा काठ बोटाला गुंडाळला आणि सोडला, गुंडाळला आणि सोडला. पुढचं सगळं मी तिला सरळ विचारलं, आणि तिने सरळ सांगितलं. त्या दिवशी तिच्या बहिणीला बोलावून घेतलं, फवारणीचं औषध घरातून हलवायला लावलं, मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. आज ती बरी आहे. भांडीही परत आली आहेत.

हे जमलं ते दोन गोष्टींमुळे. मरणाचा विचार मनात येतो का, हे न कचरता कसं विचारायचं, उत्तर आलं की पुढे काय करायचं, हे मला दोन वर्षांच्या एम.फिल.मध्ये शिकवलं गेलं. भांडी या शब्दावर कान टवकारले, ते सापगावात वाढल्यामुळे. या दोन गोष्टी माझ्यात एकत्र आल्या तो निव्वळ योगायोग. अभ्यासक्रमाने त्यांची गाठ घालून दिली नव्हती.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण, याची व्याख्या आहे: मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., त्यात सुपरव्हिजनखाली रुग्णांबरोबर केलेलं काम, आणि परिषदेची मान्यता. ही अट मला जाचक वाटत नाही. ती जपली पाहिजे असं मी म्हणेन. माझं एम.ए. मुंबई विद्यापीठात, कलिन्याला झालं. पहाटेची आसनगाव लोकल, कुर्ल्याला उतरायचं, पुढे बस. एम.फिल.साठी राज्याबाहेर जावं लागलं, कारण जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षेला गर्दी. तिथे पहिल्याच महिन्यात माझ्या सुपरव्हायझर बाईंनी मी लिहिलेली केस हिस्टरी परत केली होती. मी ‘लो मूड’ लिहिलं होतं. त्यांनी समासात एवढंच लिहिलं: रुग्णाचे शब्द कुठे आहेत? तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहायची, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा. तो मला नीट शिकवला गेला, याबद्दल मी आजन्म ऋणी राहीन. पण ते शब्द दोन वर्षं हिंदी होते, कानडी होते, शहरातले होते. एखादं शिबिर सोडलं तर खेड्यातल्या दवाखान्यात मी पाय ठेवला नाही.

आता आपण सगळी घडीच नव्याने बसवत आहात. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. बंद केलं. आमच्या विषयाला 2025-26 पर्यंत मुदतवाढ दिली. एम.फिल.च्या जागी चार वर्षांचं बीएस्सी ऑनर्स, दोन वर्षांचं एम.ए. आणि त्यापुढे साय.डी. अशी उतरंड परिषदेने मांडली आहे. अभ्यासक्रमाचा कागद अजून ओला असताना त्यावर एक ओळ लिहा, एवढ्यासाठी हे पत्र. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने तीन महिने तालुक्याच्या ठिकाणी काम केल्याशिवाय त्याचं प्रशिक्षण पुरं झालं असं धरू नये.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी कल्पना नाही. एम.डी., एम.एस. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला 2020 च्या नियमांपासून तीन महिने जिल्हा रुग्णालयाच्या व्यवस्थेत काढावे लागतात. म्हणजे भावी मनोविकारतज्ज्ञ तीन महिने जिल्ह्यात येतो. त्याच्या शेजारी बसून ज्याने काम करायचं, तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मात्र मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून बाहेर पडतो आणि बहुतेक वेळा त्याच शहरात थांबतो. तो का थांबतो हे मला समजतं. जिथे हात बसला, तिथेच माणूस काम शोधतो.

आमच्या बाजूला ‘ठाण्याला न्यायला पाहिजे’ या वाक्याचा एकच अर्थ आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं, त्याची भीती चार पिढ्या जुनी. त्याच ठाण्यात 1990 पासून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आयपीएच’ या संस्थेतून मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत, मोकळेपणाने बोलायला शिकवलं. मी स्वतः या विषयाकडे वळले, त्यात त्या वातावरणाचा मोठा वाटा आहे. पण डोळखांब, टोकावडे, माळशेजच्या पायथ्याच्या वाड्या इथवर ते वातावरण यायचं तर माणसं यावी लागतात. मुरबाडला रेल्वे नाही. वाडीवरून निघालेला माणूस चालत रस्त्यावर येतो, मिळेल त्या गाडीने शहापूर किंवा मुरबाड गाठतो, मग पुढचा प्रवास. एका खेपेला दोघांची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तो आधी भगताकडे जातो. भगताला त्याची भाषा येते, आणि तो हाकेच्या अंतरावर असतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 2015-16 मध्ये सांगितलं की निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नाहीत. ते सर्वेक्षण 12 राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्या वाड्यांवर कुणी मोजायलाही आलं नव्हतं.

आता एका मुलाबद्दल सांगते. इथे मला थोडं थांबायचं आहे.

सात-आठ वर्षांचा कातकरी मुलगा. शाळेत बोलत नाही, लिहीत नाही. मतिमंद आहे, दाखला काढा, असं कुणीतरी सांगितलं. दाखला लागतो हे खरं. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तरच पुढच्या बऱ्याचशा सवलती मिळतात. आईबाप त्याला एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. पहिल्या खेपेला नंबर लागला नाही. दुसऱ्या खेपेला चाचणी झाली, पुढची तारीख फेब्रुवारीतली मिळाली. फेब्रुवारीत हे कुटुंब वीटभट्टीवर असतं. दिवाळी झाली की जातात, पावसाच्या तोंडावर येतात. तारीख हुकली. जूनमध्ये कागद माझ्या हातात आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं की मुलाने सहकार्य केलं नाही.

मी कुणाला दोष देत नाही. रांग बाहेर उभी असताना मीही कदाचित तेच लिहिलं असतं. पण आमच्याकडे मला वेळ होता. मी ओट्यावर त्याच्या आईशेजारी बसले. आधी त्याला काही विचारलंच नाही, आईशीच बोलत राहिले. ती म्हणाली, “बारका होता तेव्हा कान फुटायचा त्याचा.” कान फुटणं म्हणजे कानातून पू येणं, वर्षानुवर्षं. हे तिने आधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला विचारलं गेलं ते हिंदीत, आणि जन्माच्या वेळी मूल रडलं का, फिट आली का, एवढंच. मी मुलाच्या पाठीमागून हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. पुढ्यात येऊन, तोंड दिसेल अशी बोलले, तर उठून मला नदीकडे घेऊन गेला. चिंबोरीचं बीळ कुठलं आणि सापाचं कुठलं, हे तोंडावरच्या ओल्या मातीवरून त्याने हाताने दाखवलं. त्याला बुद्धिमत्ता चाचणीच्या आधी कानाच्या डॉक्टरची गरज होती. ऐकायला कमी येणाऱ्या मुलाला बोलून घ्यायची चाचणी दिली की जो आकडा येतो, त्याला काही अर्थ नसतो. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पण ‘कान फुटायचा’ हे वाक्य ऐकायला त्या ओट्यावर बसावं लागतं.

त्या चाचण्यांची गोष्टही आपल्याला माहीत आहे, तरी सांगते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात बिनेची चाचणी धारवाडकडच्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी 1969 मध्ये वेक्सलरची चाचणी भारतीय मुलांसाठी तयार केली, तीही मराठीत उपलब्ध करून दिली. या दोघांबद्दल मला अतिशय आदर आहे. मुलांमध्ये बसून, त्यांच्या बोलीत प्रश्न घासूनपुसून त्यांनी हे काम केलं. आपण आजही कपाटातून त्याच पेट्या काढतो. चाचणीतले प्रश्न जाहीर लिहायचे नसतात म्हणून उदाहरण देत नाही, पण एवढं सांगते, ठाकर-कातकरी मुलांनी पाहिलेलं जग त्यात फारसं नाही. नवी चाचणी बेतायची तर ती मुलं पाहिलेला मानसशास्त्रज्ञ हवा. दर वर्षी थोडे विद्यार्थी तीन-तीन महिने इथे राहिले, त्यांनी नोंदी ठेवल्या, तर दहा वर्षांत त्या कामाचा पाया तयार होईल. प्रबंधाला विषय शोधत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांना तो इथेच मिळेल.

आपण म्हणाल, सुपरव्हिजन कोण करणार? हा प्रश्न योग्य आहे आणि याचं उत्तर नसेल तर ही ओळ लिहूही नये. अर्धवट शिकलेल्या माणसाला एकट्याने वाडीवर सोडणं हा रुग्णावर अन्याय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून चालू आहे. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सामाजिक कार्यकर्ता ही पदं आहेत. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आश्रमशाळा आहेत, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. दोन विद्यार्थी, आठवड्यातून एक दिवस सुपरव्हायझर प्रत्यक्ष हजर, बाकीचे दिवस फोनवर केसची चर्चा, आणि जिवाला धोका असलेला प्रत्येक रुग्ण त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायचा. एवढं बांधून घेतलं तर हे जमण्यासारखं आहे. रात्रीबेरात्री रुग्णाच्या घरच्यांना देण्यासाठी टेलि-मानस या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहेच. त्यावर मराठीत बोलता येतं, हे मी प्रत्येक चिठ्ठीवर लिहून देते.

दुसरी गोष्ट पैशाची. केंद्राच्या काही संस्थांत आमच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं. इतर अनेक ठिकाणी विद्यार्थीच फी भरतो, खासगी संस्थांत ती लाखांत जाते, आणि दोन वर्षं पूर्णवेळ असल्यामुळे नोकरी करता येत नाही. माझ्या वडिलांनी एक एकर भातशेती गहाण टाकली होती. ती सुटली, पण प्रत्येकाकडे गहाण टाकायला जमीन नसते. ठाकर समाजातली एक मुलगी गेली तीन वर्षं माझ्याकडे येते. तिलाही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं आहे. ती घरकाम सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करणार होती. 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने शिकवायचं नाही, असा अनुदान आयोगाचा आदेश आला. त्यामागचं कारण मला मान्य आहे. माणसाशी बोलायची विद्या टपालाने येत नाही. पण ते दार बंद करताना दुसरं उघडलं गेलं नाही. तीन महिन्यांच्या पोस्टिंगला विद्यावेतन जोडा, आणि जे विद्यार्थी आदिवासी तालुक्यातून येतात त्यांच्यासाठी पूर्ण दोन वर्षांचं विद्यावेतन राज्याकडून मागा. राज्याला पटवून द्यायला आपल्या शब्दाला जेवढं वजन आहे, तेवढं माझ्या शब्दाला नाही.

त्या मुलीने मला परवा एक वही आणून दाखवली. त्यात तिने आपल्या वाडीतल्या बायका दुखणं कसं सांगतात ते लिहून ठेवलं आहे. काळीज हललं. डोक्यात मुंग्या चालतात. अंग मोडून येतं पण दुखत नाही. हातपाय आपले वाटत नाहीत. शेजारी तिने कुणी सांगितलं, कधी सांगितलं, तेव्हा घरात काय चाललं होतं, हेही लिहिलं आहे. कुणी सांगितलं नव्हतं तिला हे करायला. ही केस हिस्टरीची वही आहे हे तिला अजून माहीत नाही.

पहिली तुकडी पाठवाल तेव्हा पावसाळ्यात पाठवा. तेव्हा भट्टीवरची कुटुंबं घरी असतात. फक्त भातसा धरणाचे दरवाजे उघडले की पुलाची चौकशी करून निघावं लागतं. राहायची सोय आम्ही गावात करू. सुपरव्हिजनचा तो एक दिवस सांभाळायला मी तयार आहे, आणि त्याबद्दल मला मानधन नको. वही त्यांना दाखवायला ती मुलगी कबूल झाली आहे.

आपली नम्र,
सापगावची एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट