रखवालदार पारखावा कसा?

बँक असो, रुग्णालय असो वा महानगरपालिका असो, संगणकांच्या जाळ्यावाचून यांपैकी एकाही संस्थेचा कारभार आज एक दिवसही चालू शकत नाही. या जाळ्याची राखण ज्याने करावयाची, त्या सुरक्षा-अभियंत्याची निवड मात्र बहुतेक ठिकाणी पाऊण तासाच्या मुलाखतीत उरकली जाते. समोर प्रमाणपत्रांची फाइल असते, ठरावीक प्रश्न विचारले जातात, ठरावीक उत्तरे मिळतात आणि हजारो ठेवीदारांच्या तिजोरीची किल्ली एका अनोळखी माणसाच्या हाती जाते. ही पद्धत अपुरी तर आहेच, शिवाय ती भलत्याच गुणांना बक्षीस देते. आणि तिची किंमत निवड समितीला नव्हे, तर ज्यांचा त्या निवडीशी काडीचाही संबंध नाही अशा सामान्य खातेदारांना मोजावी लागण्याची भीती असते.

ही किंमत केवढी असू शकते, हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील ऑगस्ट २०१८ मधील दरोड्याने दाखवून दिले. ११ ऑगस्टच्या शनिवारी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातील यंत्रांतून आणखी अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेद्वारे सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यावर रवाना झाले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला. पैसे देण्यापूर्वी बँकेची अनुमती मागणारा संदेश खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हता. मध्येच उभी केलेली तोतया यंत्रणा त्याला होकार देत होती. कुलूप शाबूत असताना तिजोरी रिकामी झाली.

अशा दरोड्यापासून वाचवील असा माणूस ओळखावा कसा, हा मूलतः माहितीच्या विषमतेचा प्रश्न आहे. विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते, तेव्हा बाजारात निकृष्ट माल उत्कृष्ट मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. सुरक्षेच्या कौशल्याची गोष्ट त्याहूनही बिकट आहे. जुनी मोटार निदान विकत घेतल्यावर तरी आपले खरे रूप दाखविते. रखवालदाराच्या यशाची खूण म्हणजे काहीही न घडणे. वर्षभर चोरी झाली नाही, याचे श्रेय त्याच्या दक्षतेला द्यायचे की चोर फिरकलाच नाही या योगायोगाला, हे मालकाला नेमणुकीनंतरही कळत नाही. साहजिकच मुलाखतीवरील भार इतर कोणत्याही पेशापेक्षा येथे अधिक असतो.

हा भार हलका करण्यासाठी मालकवर्गाने प्रमाणपत्रांचा आधार घेतला आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला सिद्धांत येथे लागू पडतो. प्रमाणपत्र हा गुणवत्तेचा संकेत ठरतो खरा, पण तो केव्हा? तर ते मिळविणे गुणवंताला सोपे आणि सामान्याला अवघड असेल तेव्हा. परीक्षेतील प्रश्नांचे संच विकत मिळू लागले आणि पंधरा दिवसांच्या वर्गांत ते पाठ करून घेतले जाऊ लागले, की हा फरक पुसला जातो. मग मालक एकाऐवजी तीन प्रमाणपत्रे मागतो. सीआयएसएसपी या मान्यताप्राप्त प्रमाणपत्रासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा अनुभव लागतो. तरीही नवशिक्यांसाठी असलेल्या जागांच्या जाहिरातींतही ते अधूनमधून मागितले जाते. या चढाओढीत लातूर वा जळगावच्या मुलाचा बाप कर्ज काढून शुल्क भरतो. त्याने विकत घेतलेल्या संकेताचे मोल मात्र दर वर्षी घटत जाते.

मुलाखतीतील प्रश्नही याच वळणाचे असतात. जाळ्याचे सात स्तर कोणते, ४४३ क्रमांकाचे पोर्ट कशासाठी, अमुक संज्ञेची व्याख्या काय? ही माहिती अभियंत्याला हवी, यात शंका नाही. तथापि आजवरच्या मोठ्या दुर्घटना व्याख्या न आठवल्यामुळे घडलेल्या नाहीत. अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीतून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती चोरीस गेली. ज्या दोषातून चोर शिरले, त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती सर्व ठिकाणी बसविली गेली नाही. बाहेर जाणारी माहिती तपासणाऱ्या यंत्राच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपून गेली होती, आणि जुलैच्या अखेरीस त्याचे नूतनीकरण होताच संशयास्पद हालचाल तत्काळ नजरेस आली. आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत, कोणाची मुदत केव्हा संपते, कोणती दुरुस्ती राहिली आहे, याची रोजची नीरस नोंद हेच या पेशाचे मर्म आहे. मुलाखतीत तिची चौकशी क्वचितच होते.

निवडीच्या पद्धतींवर मानसशास्त्रज्ञांनी केलेले संशोधन याच दिशेने बोट दाखविते. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा प्रत्यक्ष कामाचा नमुना करवून घेणे व सर्वांना समान प्रश्न विचारणारी आखीव मुलाखत या पद्धती सैल गप्पावजा मुलाखतीपेक्षा सरस ठरल्या; अनुभवाची नुसती वर्षे मोजणे फारच मागे पडले. सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या आकड्यांची फेरतपासणी करून बहुतेक पद्धतींचे श्रेय कमी केले. त्या तपासणीतही आखीव मुलाखत अग्रस्थानी राहिली.

तेव्हा उमेदवारापुढे व्याख्यांऐवजी प्रसंग ठेवावयास हवा. शनिवारी दुपारी परदेशांतील एटीएम यंत्रांतून अकस्मात मागण्या येऊ लागल्या आहेत, व्यवस्थापक रजेवर आहेत आणि सेवा बंद केली तर ग्राहक खवळतील. अशा वेळी प्रथम काय तपासणार, कोणाला उठविणार, कोणत्या क्षणी सेवा बंद करणार आणि कोणत्या नोंदी पुराव्यादाखल जपणार? अशा घटनांची वर्दी सहा तासांच्या आत देण्याचे बंधन 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ च्या आदेशाने घातले. ते उमेदवाराला ठाऊक आहे काय? त्यानंतर तासाभरात वाचता येतील अशा नोंदी त्याच्या हाती द्याव्यात आणि त्यांतील विसंगती बँकेच्या संचालकांना समजेल अशा भाषेत सांगावयास लावावी. 'हे मला माहीत नाही, पण असे शोधून काढीन' हे उत्तर देणाऱ्याचे गुण कापू नयेत. या पेशात खोटा आत्मविश्वास अज्ञानाहून घातक असतो.

मुलाखत दुरून, पडद्यावर होत असेल तर आणखी एक सावधगिरी आवश्यक ठरते. पाठांतराच्या प्रश्नांची उत्तरे आता यंत्रही क्षणार्धात पुरविते. सुरक्षेचेच प्रशिक्षण देणाऱ्या नोबिफोर या अमेरिकन कंपनीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले, की चोरलेल्या ओळखीवर आणि यंत्राने बदललेल्या छायाचित्रावर वावरणारा उत्तर कोरियाचा एक हस्तक चार मुलाखती पार करून नोकरीस लागला होता. कंपनीचा संगणक हाती पडताच त्याने त्यात घातक प्रणाली घालण्याचा प्रयत्न केला. तो वेळीच लक्षात आला, ही सुदैवाची गोष्ट. कुंपणानेच शेत खाण्याचा हा नवा प्रकार आहे. निदान शेवटची फेरी समोरासमोर व्हावी, हा त्यातून निघणारा साधा धडा होय.

परंतु परीक्षकाला विषय कळत नसेल, तर परीक्षा कितीही चांगली आखून उपयोग काय? देशातील नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक बँका महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतील लहान बँकांच्या संचालकांकडून उमेदवाराच्या तांत्रिक कौशल्याची पारख होण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. या बँकांसाठी स्थापन झालेल्या छत्र-संस्थेचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. तांत्रिक साहाय्य हे तिचे एक उद्दिष्टच आहे. तिने जाणत्या परीक्षकांचे सामायिक मंडळ उभारले, तर एकेकट्या बँकेला न परवडणारी गोष्ट सर्वांना मिळून सहज परवडेल. सहकार याहून वेगळा काय असतो?

माणसेच मिळत नाहीत, ही मालकांची तक्रारही तपासून घेतली पाहिजे. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले, की जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते, त्याच्या प्रशिक्षणावर खर्च करण्यास कोणताही मालक राजी नसतो, कारण शिकलेला माणूस शेजाऱ्याकडे जातो. प्रत्येकाला तयार फळ हवे आहे, झाड लावण्यास कोणीच पुढे येत नाही, आणि मग बागा ओस पडल्याची ओरड होते. शिकाऊ उमेदवारीचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. त्याचा उपयोग या क्षेत्रात निर्धाराने करता येईल. मुलाखतीत पूर्ण तयार माणूस शोधण्याऐवजी सावधपणा, जिज्ञासा व प्रामाणिकपणा असलेला तरुण शोधावा आणि त्याला जुन्या अभियंत्याच्या हाताखाली दोन वर्षे घडवावे, हा मार्ग अखेरीस स्वस्त ठरेल.

ज्या खातेदारांची पुंजी पणाला लागलेली असते, त्यांना निवड समितीत जागा नसते. म्हणूनच त्या समितीने उमेदवाराला प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे: या माणसाने शनिवारी दुपारी धोक्याची घंटा वाजविली, तर संस्थेत ती ऐकणारे कोणी आहे काय? याचे उत्तर नकारार्थी असेल, तर रखवालदार कितीही पारखून घेतला, तरी घर उघडेच राहील.