आशयसूत्र : बोध आणि शोध

धडा संपला की ‘यातून कोणता बोध मिळतो?’ हा प्रश्न येतो आणि मार्गदर्शकातील एका ओळीचे उत्तर वहीत उतरते. या सवयीने विद्यार्थ्याला गुण मिळतात. साहित्य मात्र त्याच्या हातून निसटते. विषय म्हणजे कृती कशाबद्दल आहे ते. आशयसूत्र म्हणजे त्याविषयी ती काय म्हणते ते. हा भेद आपल्या मुलांना कळणे अत्यंत निकडीचे आहे, असे माझे मत आहे.

बाबुराव बागुल यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाची शीर्षककथा पाहा. नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. भाड्याची खोली घेताना जात विचारली जाते. तो ती लपवतो. त्याला मान मिळतो, स्नेह मिळतो. जात उघड होताच तीच माणसे त्याला बेदम मारतात आणि काशिनाथ हा त्याचा जातबांधव त्याला सोडवतो.

कथेचा विषय अस्पृश्यता, हे कोणीही सांगेल. आशयसूत्र कोणते? पंचशीलाच्या संस्कारात वाढलेला एखादा विद्यार्थी चटकन म्हणेल, ‘असत्य बोलू नये.’ उत्तर सात्त्विक आहे. पण ते कथेवर घासून पाहावे. काशिनाथ जात लपवत नाही, तरीही त्याच्या वाट्याला अवहेलनाच येते. सत्य सांगणारा आणि लपवणारा, दोघांनाही शिक्षा होत असेल, तर गुन्हा असत्याचा नाही. दुसरा म्हणेल, ‘माणसे क्रूर असतात.’ पण हीच माणसे कालपर्यंत त्याच्यावर माया करीत होती. मधल्या काळात त्याचे गुण बदलले नाहीत, स्वभाव बदलला नाही. कळली ती केवळ जात. शेवटी जखमी नायक आपल्याला मारल्याचा दोष त्या माणसांना देत नाही, मनूला देतो. येथे सूत्र हाती लागते : जातिव्यवस्था मायाळू माणसालाही मारेकरी बनवते. मग शीर्षकातील ‘चोरी’ उलटी दिसू लागते. जात कोणी चोरू शकत नाही. व्यवस्थेने मात्र माणसाचे माणूसपण चोरले आहे.

शीर्षक, पात्रांतील विरोध, प्रसंगांमधील बदल आणि शेवट या चार वाटांनी आशयसूत्राकडे जाता येते. प्रत्येकाला वाटेल तो अर्थ काढण्याची मुभा येथे नाही. काढलेल्या अर्थाला संहितेचा पुरावा हवा. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते : परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही स्वीकारू नका. मग मार्गदर्शकातील उत्तर तरी तपासल्यावाचून का स्वीकारावे?

आपले साहित्य पुष्कळदा केवळ दुःखाची कैफियत म्हणून वाचले जाते. वाचक हळहळतो, पुस्तक मिटतो आणि व्यवस्थेला विचारलेला प्रश्न तसाच राहतो. आपल्याच मुलांनी तसे वाचले, तर तो प्रश्न पुढे कोण विचारणार?

म्हणून वसतिगृहाच्या सायंकाळच्या अभ्यासात आठवड्याला एक कथा सामूहिकपणे वाचली जावी आणि प्रत्येक उत्तरामागे ‘कशावरून?’ असे विचारले जावे. माजी विद्यार्थ्यांनी यासाठी ग्रंथ द्यावेत. शक्य असेल त्यांनी वेळही द्यावा. पालकांनी मुलाला किती गुण मिळाले हे जरूर विचारावे. त्यासोबत, वाचलेल्या कथेत त्याला काय सापडले, हेही विचारावे.