वाघाकडून वसुली

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला जायचे असे आमच्या घरात ठरले आणि दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीच्या मेव्हण्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. अख्खा कार्यक्रम आखून. 'बुधवार. सकाळी ११ ते १२.३० राणीबाग. १ वाजता जेवण. २.३० गेटवे. ५ ला मॉल. भावोजी, राणीबाग दीड तासात उरकते, काळजी नको. पेंग्विन आणि वाघ बघितला की पैसे वसूल!'

मेव्हणा माणूस चांगला. आम्ही मुंबईला गेलो की रजा टाकून आमच्यासोबत फिरतो. पण त्याच्या या चार ओळींत दोन चुका आहेत. पहिली चूक साधी. राणीबाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. (आपले बोंडला गुरुवारी बंद असते. फोंड्यापर्यंत जाऊन फाटकाला हात लावून परत आलेले लोक माझ्या माहितीत आहेत.) दुसरी चूक मोठी आहे, आणि ती एकट्या मेव्हण्याची नाही. ती आपल्या सगळ्यांची आहे. ती 'उरकते' आणि 'वसूल' या दोन शब्दांत आहे.

मी सरकारी खात्यात कारकून. हे दोन्ही शब्द माझ्या रोजच्या टेबलावरचे. फाईल उरकायची असते आणि थकबाकी वसूल करायची असते. त्यात गैर काही नाही. पण थकबाकी वसूल करायची तर समोरचा आपले काही देणे लागत असावा लागतो. वाघ आपले काय देणे लागतो, हे मला कोणीतरी सांगा.

कुठल्याही मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात रविवारी जाऊन उभे राहा. वाघ झाडाखाली पाठ करून पडलेला असतो. कठड्यापाशी शंभर माणसे. कोणी शिट्टी मारतो, कोणी 'ए, उठ रे!' म्हणून दरडावतो, कोणी टाळ्या पिटतो. वाघ कान हलवतो. मग गर्दीतला एक शहाणा म्हणतो, 'आजारी आहे वाटते. नाहीतर औषध देऊन झोपवला असेल.' दुसरा म्हणतो, 'फुकट गेले पैसे.' आणि सगळे पुढच्या पिंजऱ्याकडे. एका जनावरापुढे दोन मिनिटेसुद्धा नाहीत.

हे मी लांबून टीका करण्यासाठी लिहीत नाही. दहा वर्षांपूर्वी अशाच एका मोठ्या प्राणिसंग्रहालयात मीही तेच केले आहे. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. रात्रभर प्रवास, वर भर दुपार, आणि बिबट्या बांबूंच्या आड झोपलेला. तिला नीट दिसेना. मी तिला खांद्यावर घेतले आणि खिशातून स्कूटरच्या चाव्या काढून लोखंडी कठड्यावर वाजवल्या. जोरात, पुन्हा पुन्हा. बिबट्याने डोके उचलले, आमच्याकडे पाहिले आणि परत खाली ठेवले. मी खूष होऊन म्हटले, 'बघितलास?' ती म्हणाली, 'पप्पा, त्याला उठवलेस कशाला? आजी झोपली की मला बोलू देत नाहीस.'

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मात्र ते वाक्य अजून गेलेले नाही.

वाघ-सिंह दिवसातले सोळा-अठरा तास झोपलेले किंवा पडून असतात. मांजर पाळणाऱ्या कोणालाही हे नवीन नाही. त्यांची हालचाल पहाटे आणि संध्याकाळी. आपण जातो कधी? आरामात नाष्टा करून, उन्हे चढल्यावर. म्हणजे आपल्या सोयीच्या वेळी त्याने जागे राहावे, आणि आपण तिकीट काढले म्हणून फेऱ्या मारून दाखवाव्यात! खरे तर एकाच वाटेने सारखा फेऱ्या मारणारा वाघ बघून आपल्याला वाईट वाटायला हवे. पिंजऱ्यात कोंडून कंटाळलेल्या जनावराची ती ओळखीची खूण आहे. झोपलेला वाघ त्यापेक्षा कितीतरी बरा.

कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला चिडवणे, खायला घालणे, आवाज करून त्रास देणे, तिथे कचरा टाकणे या सगळ्याला मनाई आहे. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेचे नियम आहेत, त्यांत आठवड्यातून एक दिवस लोकांसाठी फाटक बंद ठेवा असे लिहिले आहे. आमच्या मेव्हण्याला नडलेला बुधवार तो हाच. आम्हा गोव्याच्या सरकारी नोकरांना आठवड्याला दोन दिवस सुट्टी, आणि त्याबद्दल लोक आम्हाला बोलतात. जनावराला एक. त्या एका दिवसाचाही आपल्याला राग यावा?

मला तर त्या वाघाबद्दल खास जिव्हाळा वाटतो, कारण काउंटरच्या आतल्या बाजूला मीही असतो. बाहेरचा माणूस काचेवर बोट वाजवतो तेव्हा आत कसे वाटते, ते मला विचारा. फरक इतकाच की मला पगार मिळतो आणि पाच-पावणेसहाला मी घरी जातो.

आता यावर लोक काय म्हणतात तेही बघू. आमच्या कॉलेजचा एक मित्र म्हणतो, 'एवढा कळवळा आहे तर जाऊच नको. प्राणिसंग्रहालय म्हणजे तुरुंग, तू तिकीट काढतोस म्हणून तो चालतो.' त्याचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. पण तिथली बरीच जनावरे अशाच ठिकाणी जन्मलेली असतात. मी गेलो नाही म्हणून उद्या कोणी त्यांना रानात सोडणार नाही, आणि सोडले तरी ती जगणार नाहीत. माझ्या हातात आहे ते एवढेच की मी तिथे काय मागतो. बघणारा मागतो तेच बांधले जाते.

राणीबागेचेच घ्या. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी भायखळ्याच्या वातानुकूलित खोलीत राहू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यातला एक मेला. २०१७ च्या मार्चमध्ये दालन लोकांना उघडले आणि रांगा लागल्या. त्याच वर्षी मोठ्यांचे पाच रुपयांचे तिकीट पन्नास झाले. २०१८ च्या १५ ऑगस्टला पहिले पिल्लू जन्मले, ते आठवडाभरच जगले. गर्दी काही कमी झाली नाही, उलट वाढली. आता सांगा, उद्या कुठल्या शहराला पैसे खर्च करायचे असतील तर ते झाडांवर करतील की आणखी एका परदेशी पाहुण्यावर? आपण रांग लावून उत्तर देऊन ठेवले आहे.

दुसरे म्हणतात, 'मुलांना सगळे दाखवायला नको का?' माझा अनुभव असा की 'सगळे' दाखवले की मुलांना आइस्क्रीम तेवढे आठवते. पाठ्यपुस्तकातली चित्रे त्यांनी पाहिलेली असतात, मोबाईलवर तर वाघाच्या पोटात काय चालले आहे तेही दिसते. समोर बसून वीस मिनिटे एक जनावर बघणे, ते काही करत नसताना बघणे, हे तेवढे मोबाईलवर मिळत नाही. त्यासाठीच एवढा प्रवास करायचा.

आणि कोणाला वाटेल की मुंबईच्या बागेतल्या शिट्टीसाठी हा एवढा कशाला तापतो, तर त्याचे कारण इथे गोव्यात आहे. कठड्यापाशी लागलेली सवय कठड्यापाशी राहत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात ओंकार नावाचा रानहत्ती सिंधुदुर्गातून आपल्या पेडणे तालुक्यात उतरला. शेतकऱ्यांच्या पिकाची नासधूस झाली. त्यांचा राग खरा होता, त्यांना मी एक शब्द बोलणार नाही. पण मोबाईल उंच धरून हत्तीच्या मागे धावणारे सगळे काही शेतकरी नव्हते. दुचाक्यांवरून लांबून आलेले तुमच्या-आमच्यासारखे लोक होते. हत्ती दिसला पाहिजे, वळून बघितला पाहिजे, व्हिडिओत नीट आला पाहिजे. राणीबागेचेच प्रेक्षक, फक्त मध्ये खंदक नव्हता.

त्याआधी २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीला, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विष घातले होते. त्यामागे गुरे गमावलेल्या गरीब माणसांची गोष्ट होती, तीही विसरू नये. पुढे २४ जुलै २०२३ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि आसपासचे रान व्याघ्र प्रकल्प म्हणून तीन महिन्यांत अधिसूचित करा असे सांगितले, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मी सरकारी नोकर, त्या वादात माझे मत इथे लिहीत नाही. पण ऑफिसात चहाच्या वेळी ऐकलेले सांगतो. 'गोव्यात वाघ आहेत कुठे? असले तरी कर्नाटकातले, येऊन जाऊन.' हेच बोलणारा माणूस सुट्टीत बायको-मुलांना घेऊन रेल्वेने मुंबईला जातो आणि वाघ उठला नाही म्हणून हळहळतो! आपल्या रानातला वाघ आपल्याला दिसत नाही म्हणून तो नाही. पिंजऱ्यातला दिसतो, पण उठत नाही म्हणून तो फुकट. मग आपल्याला हवा तरी कुठला वाघ?

असो. नुसती टीका करून उपयोग नाही. मेव्हण्याला उलट पाठवलेला कार्यक्रम इथेही देतो. पटला तर घ्या.

बुधवार सोडून कुठलाही दिवस, शक्यतो रविवारही सोडून. थिवीला रात्रीची गाडी पकडली की सकाळी दादर. तिथून मध्य रेल्वेची धीमी लोकल, भायखळ्याला पूर्वेला उतरले की बाग चालत काही मिनिटांवर. फाटक साडेनऊला उघडते, त्याच वेळी आत. (वेळ आणि तिकीट बदलते, निघण्याआधी एकदा खात्री करावी.) जनावरे तीनच, मुलांनी आदल्या रात्री निवडलेली. प्रत्येकापुढे वीस मिनिटे. खाण्याच्या पिशव्या बंद.

आमच्या आईचे गुडघे चालत नाहीत. ती म्हणते, 'माका खंय तरी सावळेंत बसय, मागीर तुमी भोंवन येयात.' तर आईसाठी झाडे. राणीबाग १८६२ पासून आहे आणि आधी ती वनस्पतींची बाग आहे हे आपण विसरतो. गोरखचिंच आहे, उर्वशी आहे. झाडे बघायला कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि ती कोणाला पाठही करत नाहीत.

शेवटी, बागेला लागूनच असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. हे भाऊ दाजी आपल्या मांद्र्यात जन्मलेले. मुंबईत डॉक्टर झाले, जुन्या लेखांचे आणि नाण्यांचे संशोधक झाले, आणि १८७२ साली लोकांसाठी उघडलेले हे संग्रहालय उभे करणाऱ्यांत होते. राणीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या नावाच्या त्या इमारतीला १९७५ साली त्यांचे नाव मिळाले. किती पेडणेकर पेंग्विन बघून या दारावरून सरळ स्टेशनकडे गेले असतील! बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. त्याला मात्र कोणी शिट्टी मारत नाही. तो हलणार नाही हे सगळ्यांना आधीच मान्य आहे. जिवंत जनावराच्या वाट्यालाही एवढा समजूतदारपणा यावा, एवढेच माझे मागणे.

मेव्हण्याचे उत्तर आले, 'भावोजी, पण वाघ झोपलेलाच असला तर?'

तर झोपलेला वाघ बघू. मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. तिने कार्यक्रम वाचून एकच दुरुस्ती सुचवली. पप्पांनी स्कूटरच्या चाव्या घरी ठेवाव्यात. ठेवणार आहे.